हातभर उंचीवरून बाग

हैदराबादला कोंडापूर-गच्चीबावली भागात २०१८ साली महापालिकेने खास कुत्र्यांसाठी बाग उघडली. जागा १.३ एकर, खर्च सुमारे १ कोटी १० लाख रुपये. देशातली अशी पहिली बाग म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं, कारण त्याआधी तिथे कचरा पडायचा. अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात १९७९ साली बर्कलीच्या ओलोनी पार्कमध्ये झाली असं मानतात. तिथली कहाणीही फार वेगळी नाही. भुयारी रेल्वेसाठी घरं पाडली, बोगद्यावरची जमीन मोकळी पडली, पुढे तिची बाग झाली आणि बागेच्या एका भागाला कुंपण घालून कुत्र्यांना मोकळं सोडायची सोय झाली. म्हणजे कुत्र्याच्या वाट्याला येते ती माणसाचं भागून उरलेली जागा. गर्दीच्या शहरात दुसरं काय होणार? माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. मिळालेल्या जागेची आखणी माणसाच्या डोळ्यांनी होते, याबद्दल आहे.

अशा बागेत हमखास काय दिसतं? उड्या मारायच्या रिंगा, चढउताराच्या फळ्या, मधोमध गुळगुळीत हिरवळ. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे ओळखता येतात. लाल आणि हिरवा मात्र त्याला जवळपास सारखेच. हिरवळीवरची लालचुटूक रिंग भरते ती आपल्या डोळ्यांत. न शिकवलेलं कुत्रं तिच्यातून उडी मारायच्या भानगडीत पडत नाही. ते रिंगेचा खांब हुंगतं आणि तंगडी वर करतं.

बागेचा खरा उपयोग त्याला तेवढ्यात कळलेला असतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, वीस-तीस कोटींपर्यंत. श्वास सोडताना त्याच्या नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून हवा बाजूला आणि मागे जाते, त्यामुळे समोरचा वास फुंकला जात नाही. अलेक्झांड्रा होरोवित्झ आणि शार्लोट द्युरांतोन या संशोधकांनी २०१९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायचा खेळ दिला, बाकीच्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. त्यानंतर, आत खाऊ असेल की नसेल अशा भांड्याकडे हुंगणारे कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले, म्हणजे खाऊ असेलच अशी त्यांची आशा वाढली. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. फिरायला नेल्यावर पट्टा ओढत ‘चल, काय सारखं हुंगत बसतोस!’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आखणाऱ्यांनी तर घ्यावंच. मोकळ्या हिरवळीवर मधे काही हुंगण्यासारखं नसतं. झुडपांच्या रांगा, ओंडके, दगड, उंचसखल माती आणि वळणाची पायवाट यांना खर्चही रिंगांपेक्षा कमी येतो.

भांडणं होतात ती बहुधा फाटकाशी. नवा कुत्रा आला की आतले सगळे तिकडे धावतात. अनोळखी कुत्रे एकमेकांकडे सरळ चालून जात नाहीत. अर्धवर्तुळात, बाजूने येतात, मागून हुंगतात, मग ठरवतात. फाटकात यातलं काहीच जमत नाही. वाट अरुंद, पट्टा ताणलेला, समोर चार तोंडं. म्हणून एका फाटकाऐवजी दोन फाटकं आणि मधे लहानसं अंगण असतं: बाहेरचं लावायचं, पट्टा सोडायचा, मग आतलं उघडायचं. हे अंगण ऐसपैस हवं, आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी हवी. कुंपणाचे काटकोनी कोपरे टाळावेत, कारण घाबरलेलं कुत्रं तिथेच कोंडलं जातं. बाकडी फाटकाजवळ तर मुळीच नकोत. माणसं बसतात तिथे गप्पा रंगतात, आणि कुत्रीही तिथेच घोटाळतात.

आपल्याकडे जमिनीचा प्रश्न वेगळाच. जुलैत हिरवळीचा चिखल होतो, डबकी साचतात, आणि उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो कुत्र्यालाही होतो. मे महिन्यात पेव्हर ब्लॉक तापून तळवे पोळतात. कुत्रा घामावर थंड होत नाही, त्याची भिस्त धापा टाकण्यावर. तेव्हा निचऱ्याचा उतार आणि वड-करंजाची दाट सावली आधी, बाकी सगळं नंतर. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून उद्यानांत सर्रास लावली जाणारी कण्हेर, बिट्टी आणि सायकस ही तिन्ही झाडं कुत्र्याला विषारी आहेत, आणि चावायची सवय पिल्लांना असतेच. गवत वाळू दिलं तर कुसळं पंज्यांत आणि कानांत रुततात.

विष्ठा उचलली की काम भागलं, असंही नाही. बेल्जियममध्ये गेंटजवळच्या चार राखीव निसर्गक्षेत्रांत संशोधकांनी दीड वर्ष कुत्रे मोजले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार कुत्र्यांमुळे हेक्टरी दरवर्षी ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जातं. विष्ठा कटाक्षाने उचलली तर स्फुरद ९७ टक्के कमी होईल, नत्र मात्र ५६ टक्केच, कारण बाकीचं मुतातून येतं. त्यामुळे ठरावीक खांबाभोवतीची हिरवळ पिवळी पडणारच. तिथे हिरवळ लावायचा हट्ट कशाला? रेती घालावी.

हे सगळं झालं पट्टेवाल्यांचं. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी कुत्र्यांना मालकच नाही, आणि त्यांच्यावरून भांडणंही जुनी: भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशांनी दंगल केली ती १८३२ साली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांनी या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा ठरवावी, असं आहे. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या पालिकांना वॉर्डावॉर्डांत अशा जागा नेमायला सांगितलं. दूर म्हटलं की सोसायटीच्या कमिटीला आठवतो तो कंपाउंडच्या भिंतीचा कोपरा, कचऱ्याच्या डब्यांशेजारचा. तिथे कुत्र्याला निसटायला वाट नसते, आणि डबे रिकामे करायला येणाऱ्या कामगाराला वळसा घालायला जागा नसते. दोन बाजू मोकळ्या असाव्यात, वर सावली असावी, धुता येईल अशी फरशी असावी, आणि खाणं एका जागी न ठेवता चार-पाच हातांच्या अंतराने मांडावं.