उपवासाचे ताट आणि देहाचा हिशेब

आषाढी एकादशी जवळ आली की दापोडीतील किराणा दुकानांत साबुदाण्याची पोती मागच्या कोठीतून दर्शनी भागी येतात. देहूहून निघालेली श्रीतुकोबारायांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून पुण्याकडे जाते ती याच गावावरून. पालखी पुढे जाते. आणि रजेअभावी, संसारापायी ज्यांना वारी घडत नाही, ते कामकरी लोक व त्यांच्या घरच्या माउल्या एकादशीच्या उपवासाने आपली वारी घरीच पुरी करतात. हा भाव थोर आहे. त्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते उपवासाच्या ताटाविषयी.

या गावी आम्ही कीर्तनास पुष्कळ वर्षे येत आहो. एकदा एकादशी रविवारी आली होती. उत्तररंग रंगात आला असता बायकांच्या बाजूस एक बाई भोवळ येऊन पडल्या. पाणी दिले, वारा घातला, विचारपूस केली. शुक्रवारचा उपवास, शनिवारचा उपवास आणि वर ही एकादशी! तिन्ही दिवसांत पोटात काय, तर दुपारी बशीभर खिचडी आणि चार-पाच वेळा चहा. शेजारच्या बायकांना यात नवल वाटले नाही. आम्हांस मात्र त्या रात्री पुढचे निरूपण जड गेले.

देहास लागते तरी काय? पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ हे चुलीचे सरपण आहे. पिष्टाच्या एका ग्रॅमपासून चार उष्मांक मिळतात, तूपतेलाच्या एका ग्रॅमपासून नऊ. पण चूल फुटली तर ती सरपणाने सांधता येत नाही, तिला मातीच लागते. स्नायू, रक्त, त्वचा यांची रोज होणारी झीज भरून काढणारी ही माती म्हणजे प्रथिने. ती ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी नऊ आपले शरीर मोठेपणी घडवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. यांखेरीज जीवनसत्त्वे आणि लोह, चुना यांसारखी खनिजे हवीत. ती लागतात चिमूटभर. पण चिमूटभर मिठावाचून आमटीचे जे होते तेच त्यांच्यावाचून देहाचे होते. पाणी आणि चोथा यांची गणती लोक करीत नाहीत, पण तीही केली पाहिजे.

आता साबुदाणा पाहा. हे धान्य नव्हे. कसावा नावाच्या कंदाचे सत्त्व काढून, त्याचे दाणे वळून व भाजून तो करतात. तमिळनाडूतील सेलमच्या आसपास त्याचे मोठे कारखाने आहेत. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात आणि प्रथिने जेमतेम पाव ग्रॅम! म्हणजे सरपण भरपूर, माती नाही. त्यावर बटाटा घातला म्हणजे सरपणावर सरपण. मधुमेह्याच्या रक्तातील साखर तर हे ताट भराभर चढविते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या प्रमाणानुसार पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीस दिवसास सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात आणि पासष्ट किलोच्या पुरुषास ५४. त्या बशीभर खिचडीची लाज जी काही राखतो तो शेंगदाण्याचा कूट. पंचवीस ग्रॅम कुटात सहा ग्रॅम प्रथिने येतात. आणि महागाई वाढली की घरोघर पहिली काटछाट होते ती नेमकी कुटाची.

या विषयात आपल्याच एका विदुषीचे नाव घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत; दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून तो नाकारला. बाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले, आणि तेथे त्यांनी अभ्यास केला तो दुधातील व डाळींतील प्रथिनांचा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांना मिळाली ती बटाट्यातील एका श्वसनद्रव्यावर. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत त्यांनी काम केले. तीच संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली व वर सांगितलेली राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मुंबईस विज्ञान संस्थेत असता कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा तपासली, आणि कडधान्येही तपासली. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडविणारे एक द्रव्य असते. नीट शिजविल्याने ते बहुतांशी निकामी होते. आजीबाईंनी उसळ मऊ शिजविण्याचा जो आग्रह धरला, त्याची उपपत्ती अशी प्रयोगशाळेत सापडली. मराठी गृहिणीसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ लिहिली. या बाईंचे आख्यान कोणी कीर्तनात का लावीत नाही, हे आम्हांस कोडेच आहे.

कडधान्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ज्वारी-बाजरीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत ते मुबलक. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. म्हणून पिठले-भाकरी ही जोडी एकमेकींचे उणे भरून काढते. रोजचे ताट असे शहाणे, आणि उपवासाचेच तेवढे भाबडे, हे कसे झाले?

कोणी म्हणेल, शास्त्राने जे लावून दिले ते कसे मोडावे? ऐका तर. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, कसावा, इतकेच काय, राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीज आदी दर्यावर्दी लोकांच्या जहाजांमागून ही पिके गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आली. आपल्या बाजूचे म्हणावे तर वरई आणि शिंगाडा. परमुलखातली झाडे रुजवून पाहण्याचा उद्योग खुद्द दापोडीतही चालला होता. १८२८ साली येथे मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान निघाले, आणि पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीस श्रुतिस्मृतींचा आधार शोधू नये. निबंधकारांनी व्रत न मोडणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या, त्यांत पाणी, कंदमुळे, फळ, दूध आणि औषध ही स्पष्ट आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराची ओळख पदार्थांच्या यादीने दिलेली नाही. आयुष्य, बल, आरोग्य वाढते की नाही, या परिणामाने दिली आहे. त्याच अध्यायात देहाला उगाच कृश करणाऱ्या तपाची निर्भर्त्सनाही आहे. ती मात्र कीर्तनांतून फारशी ऐकू येत नाही.

हा प्रश्न चवीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. स्त्रीस दिवसास २९ मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषास १९. म्हणजे गरज जिला अधिक, उपवासही तिलाच अधिक, आणि एरवीच्या पंगतीतही शेवटचे पान तिचेच. घरातील पुरुष उपवासाच्या दिवशीही एस.टी.च्या कार्यशाळेत डबा भरून नेतो. तो डबा पहाटे उठून कोण भरते हे सांगावयास नकोच. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईस तर कोणी उपवासाचा आग्रह करूच नये.

ज्यांना उपवास करावयाचाच आहे त्यांनी साबुदाण्याऐवजी, निदान त्याच्या निम्म्याने, राजगिरा घ्यावा. त्याच्या शंभर ग्रॅमांत तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, लायसिन भरपूर, लोह आणि चुनाही चांगला. वरईबरोबर दाण्याची आमटी दाट करावी. पेलाभर दूध किंवा ताक घ्यावे. शाकाहारी माणसास ब-१२ जीवनसत्त्व मिळते ते मुख्यतः दुधातूनच. खिचडीवर लिंबू पिळावे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागते. आणि चहा जेवणास लागून घेऊ नये, तो हेच लोह अडवितो. द्वादशीच्या पारण्यास मोडाच्या मुगाची उसळ करावयाची असेल तर मूग एकादशीच्या सकाळीच भिजत घालावे व रात्री कीर्तनास निघण्यापूर्वी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. पावसाळी हवेत मोड यावयास जरा वेळ लागतो.