बारीक पाइपला कोणतं वेल्डिंग?

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्राच्या बॉयलरमध्ये नळ्यांची नुसती दाटी. बऱ्याचशा दोन इंचांच्या आसपास. एवढ्या नळीचा जोड पूर्ण टिगनेच (आर्गॉन वेल्डिंग) मारावा, हे माझं ठाम मत. रॉडने रूट (सगळ्यात आतला पहिला थर) मारला तर स्लॅग आत राहू शकतो, आणि एवढ्याशा नळीत हात घालून तो काढणार कोण? टिगमध्ये स्लॅगची भानगडच नाही. जागा इतकी अडचणीची, की मागची बाजू कधीकधी आरशात बघून वेल्ड करावी लागते. उलटं दिसतं, हात मात्र सुलट चालवायचा! टी-९१ सारखी क्रोमवाली नळी असेल तर आतूनही आर्गॉन सोडा, नाहीतर रूट जळून काळा पडतो.

साध्या स्टीलचा पाइप मोठा, जाड असेल तर रूट टिगने, वरचे थर ७०१८ रॉडने. हे रॉड ओलावा धरतात, म्हणून ओव्हनमधून काढलेलेच हवेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हयगय नकोच. मिग (वायरचं वेल्डिंग) झपाझप चालतं, पण बारीक पाइपवर वरून छान दिसणारा जोड कधीकधी आत धरलेलाच नसतो.

शेतातल्या जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपला साधा आर्क चालतो. फक्त आधी जस्त घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो.