तांब्यावर उभारलेले तुरुंग

उंचच उंच दगडी कमानी आणि त्यांच्यामागे पुन्हा कमानीच. त्यांना जोडणारे लाकडी पूल, वर चढत जाऊन मध्येच अंधारात हरवणारे जिने, वरून लोंबणारे दोरखंड, कप्प्या, साखळ्या. आणि या अवाढव्य पसाऱ्यात मुंगीएवढी दिसणारी माणसे! या तुरुंगात कधीच कुणी डांबला गेला नाही, कारण तो कधी बांधलाच गेला नाही. तो आहे फक्त कागदावर. त्याचा निर्माता होता इटलीचा जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी.

पिरानेसीचा जन्म १७२० साली व्हेनिसच्या परिसरात झाला. वडील दगडकाम करणारे, तर मामा सरकारी जलखात्यात अभियंता. मामाच्या हाताखाली त्याने वास्तुकलेचे धडे गिरवले. १७४० मध्ये व्हेनिसच्या राजदूताच्या लवाजम्यात चित्रकार म्हणून तो रोमला आला आणि तिथले प्राचीन अवशेष पाहून भारावून गेला. आपणही असेच भव्य काही उभारावे, ही आस त्याला लागली. पण पैसा कोण घालणार? १७४३ च्या आपल्या पहिल्या चित्रसंग्रहाच्या अर्पणपत्रिकेत त्याने ही खंत उघड बोलून दाखवली. अशा वास्तूंसाठी ना राजे पुढे येतात ना धनिक. तेव्हा आपल्या कल्पना चित्रांतून मांडण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा सूर होता.

आम्लाची करामत

यासाठी त्याने निवडले एचिंगचे तंत्र. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा आणि त्यावर सुईने चित्र कोरायचे. मग पत्र्यावर आम्ल ओतायचे. जिथे तांबे उघडे पडले असेल, तिथेच ते आम्ल खाते आणि खाचा पडतात. आम्ल जितका वेळ राहील, तितकी रेघ खोल आणि काळी. खाचांत शाई भरून, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की चित्र उमटते, तेही आरशातल्यासारखे उलटे. एका पत्र्यावरून अशा कितीतरी प्रती निघत.

रोमच्या इमारतींची त्याची चित्रे युरोपातले प्रवासी हौसेने विकत नेत. तुरुंगांची १४ चित्रे मात्र त्याने १७५० च्या सुमारास निव्वळ कल्पनेतून काढली. नाटकांच्या पडद्यांवर तुरुंगाचे दृश्य तेव्हा नेहमीचेच होते. पिरानेसीने त्याला न संपणारी खोली दिली. १७६१ मध्ये त्याने तेच जुने पत्रे पुन्हा हाती घेतले. सावल्या गडद केल्या, नवे जिने, नव्या साखळ्या घातल्या, दोन चित्रे वाढवली. चाळिशीत पोहोचलेल्या पिरानेसीचा तुरुंग तिशीतल्यापेक्षा कितीतरी काळोखा झाला होता!

न पाहताही भुरळ

या चित्रांची जादू अशी, की इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी याने ती न पाहताच त्यांच्याविषयी लिहिले. कवी कोलरिजने केलेले वर्णन त्याला पुरेसे झाले. १८२१ मध्ये त्याने लिहिलेला, एकामागून एक जिने चढतच राहणारा पिरानेसी वाचकांच्या मनात कायमचा रुतला.

प्रत्यक्ष बांधकामाची मोठी संधी पिरानेसीला आयुष्यात एकदाच मिळाली. १७६४ ते १७६६ या काळात रोमच्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरील माल्टाच्या सरदारांच्या चर्चचे त्याने नूतनीकरण केले. १७७८ मध्ये तो वारला. त्याची समाधीही याच चर्चमध्ये आहे.

दगड-चुन्याचे हे एक छोटेसे चर्च आणि शाईने उभारलेली अख्खी दुनिया, अशी ही त्याची मिळकत. बांधायला मिळाले नाही म्हणून त्याने स्वप्न गुंडाळून ठेवले नाही. हातात होता तो तांब्याचा पत्रा त्याने जमीन मानली. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी ते जिने चढण्याचा मोह पाहणाऱ्याला अजून आवरत नाही.