निळा एक की दोन?

डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. रंगाची जाणीव मात्र मेंदूत घडते. मग भाषेचा तिच्याशी काय संबंध?

• १९६९ : ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांचा ९८ भाषांचा अभ्यास. निष्कर्ष : एका भाषेत मूलभूत रंगनामे जास्तीत जास्त ११.

• रशियन : फिकट निळा 'गोलुबोय', गडद निळा 'सीनिय'. एकाच रंगाच्या छटा नव्हेत, दोन स्वतंत्र रंग. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निळे चौकोन या सीमेच्या दोन बाजूंचे असले, की रशियन भाषक त्यांतला फरक अधिक वेगाने ओळखत. मनात आकडे घोकायला लावले, की हा वेग ओसरे. इंग्रजी भाषकांत असा फायदा दिसला नाही.

• मराठी : 'आकाशी' ही निळ्याचीच छटा.

शब्द नसला म्हणून रंग दिसत नाही, असे नाही.