वीस किलोंची सायकल, तीन टनांची ट्रॉली

दसरा-दिवाळी उलटली की चाळीसगावच्या रस्त्याला एक देखावा हमखास दिसतो. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे ट्रॉली आणि तिच्यामागे आणखी एक ट्रॉली. त्यांत धान्याची पोती, गोधड्यांची गाठोडी, पाण्याचे पिंप, कोपी उभारण्यासाठी बांबू आणि चटया, कोंबड्यांचे खुराडे, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली माणसे. ऊस तोडणाऱ्या टोळ्या गाळपाच्या हंगामासाठी साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतात. पाच-सहा महिन्यांचा संसार चाकांवर चाललेला असतो. आणि बहुधा अगदी शेवटी, मागच्या ट्रॉलीच्या फाळक्याला दोरीने आवळलेली एखादी सायकल लोंबत असते.

माझ्या वर्गात अशाच एका टोळीतल्या घरचा मुलगा होता. भौतिकीच्या तासानंतर तो एकदा थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, बहिणीची सायकल आम्ही ट्रॉलीच्या मागे बांधून नेली. घट्ट बांधली होती. कारखान्यावर उतरवली तर मागची रिम आऊट, कॅरिअर तुटलेला. ट्रॉली तीन टनांची, सायकल वीस किलोंची. ट्रॉलीवरचा एक हंडासुद्धा फुटला नाही, मग सायकलच का मोडली?’’

बहीण नववीत होती. तळापासून शाळा चार किलोमीटरांवर. सायकल दुरुस्त होईपर्यंतची तिची शाळा बुडाली. प्रश्न पुस्तकातल्या गणितासारखा वाटला तरी त्याची किंमत कोणी तरी मोजली होती, म्हणून मी त्याला नीट उत्तर द्यायचे ठरवले. तेच उत्तर तुमच्यासाठी येथे लिहीत आहे.

प्रथम बैलगाडी आठवा. गाडीत मागे जास्त माल भरला तर गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. फार पुढे भरला तर सारा भार बैलांच्या खांद्यावर. जाणता गाडीवान माल असा लावतो की खांद्यावर थोडासाच भार यावा. दोन चाकांची ट्रॉली म्हणजे हीच बैलगाडी. तिचा आस हा तरफेचा टेकू, आणि पुढचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकात अडकवलेला.

आता काही आकडे घेऊ. हुकापासून आसापर्यंतचे अंतर 4 मीटर धरा. आसापासून फाळका 2 मीटर मागे आहे आणि सायकल त्याच्याही बाहेर, म्हणजे आसाच्या मागे सुमारे 2.3 मीटरांवर. ट्रॉलीचे चाक 10 सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले. हुक जागच्या जागी आहे असे मानले तर ट्रॉली हुकाभोवती वर फिरेल. आस 10 सेंटिमीटर उचलला जाईल. सायकल हुकापासून 6.3 मीटरांवर आहे, म्हणून ती 10 × 6.3 ÷ 4, म्हणजे जवळजवळ 16 सेंटिमीटर उचलली जाईल. हुक आणि आस यांच्या मधोमध ठेवलेला हंडा मात्र फक्त 5 सेंटिमीटर. दगड एकच, पण हंड्याला बसलेल्या हिसक्याच्या तिप्पट हिसका सायकलीला बसतो. दोन ट्रॉल्या असतील तर आणखी एक भर पडते. पहिल्या ट्रॉलीची शेपटी वर-खाली होते आणि दुसऱ्या ट्रॉलीचा हुक त्या शेपटीलाच जोडलेला असतो.

हा हिसका किती मोठा? खडबडीत रस्त्यावर मागचे टोक सेकंदाला दोन वेळा वर-खाली होते असे समजू, मधल्या स्थितीपासून 8 सेंटिमीटर वर आणि तेवढेच खाली. सरल आवर्त गती तुम्ही पुढे शिकाल. तिच्या सूत्राने कमाल त्वरण सुमारे 12.6 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. गुरुत्वत्वरण 9.8 आहे. याचा अर्थ नीट पाहा. टोक तळाशी असताना दोरीवर सायकलीच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून जास्त ताण येतो. टोक वर पोचून खाली वळते तेव्हा ट्रॉली सायकलीपेक्षा वेगाने खाली जाऊ पाहते. सायकल क्षणभर अधांतरी राहते, दोरी सैल पडते, आणि पुढच्या क्षणी सायकल फाळक्यावर आदळते. चाळीसगावपासून कारखान्यापर्यंत असे किती हजार वेळा होत असेल! गाठ कितीही घट्ट मारा, सुती किंवा नायलॉनची दोरी या मारामारीत ढिली होतेच. रिम बिचारी काय करणार?

म्हणजे सायकल हलकी असूनही का मोडली, हा प्रश्नच थोडा उलटा होता. ट्रॉलीला सायकलीचा पत्ताही नव्हता. ट्रॉलीचा सगळा धिंगाणा मात्र सायकलीच्या वाट्याला आला, कारण तिची जागा तशी होती.

आता दुसरी बाजू. मागच्या ओझ्याने ट्रॉलीला काहीच होत नाही का? एका सायकलीने फारसे होत नाही, हे आधीच सांगतो. पण मागे जागा आहे म्हटले की एकीची चार होतात आणि त्यांच्या शेजारी पाण्याचे पिंपही येते. ट्रॉलीत 3000 किलो माल आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या 40 सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. हुकावरचा भार 3000 × 0.4 ÷ 4, म्हणजे 300 किलो. मागे चार सायकली लटकवल्या तर त्यांतून 46 किलो वजा. फाळक्याला टेकून, आसाच्या 1.7 मीटर मागे, 200 किलोंचे भरलेले पिंप ठेवले तर आणखी 85 किलो वजा. आता घाट चढू लागा. पंधराला एक असा चढ असेल आणि गुरुत्वमध्य हुकाच्या पातळीहून 90 सेंटिमीटर वर असेल, तर तो 6 सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा होतो. आणखी 45 किलो गेले. तीनशेचे राहिले 124.

ट्रॅक्टरची मागची चाके रस्ता धरतात ती त्यांच्यावरच्या भारामुळे. हुकावरचा भार निम्म्याहून कमी झाला की ती पकडही कमी होते. काही वर्षांपूर्वी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमची बस अशाच एका ट्रॅक्टरमागे अडकली होती. चाक जागीच घसरत होते, टोळीतले दोघे जण मोठे दगड घेऊन मागच्या चाकांना उटी लावत चालले होते, आणि ट्रॉलीच्या मागे दोन सायकली, एक पिंप आणि जळणाचा भारा होता. केवळ त्यामुळेच चाक घसरले असे मी म्हणणार नाही. टायरही गुळगुळीत झालेले होते. पण जळणाचा तो भारा पुढे टाकला असता तर बरे झाले असते, असे मात्र तेव्हाही वाटले. अर्थात सगळेच पुढे रचणे हाही उपाय नव्हे. ट्रॅक्टरचा हुक त्याच्या मागच्या आसाच्याही मागे असतो. तेथे फार भार आला की ट्रॅक्टरच उलाळ होतो. पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू ऐकेनासे होते.

याच ठिकाणी ‘पाचव्या चाका’ची गोष्ट सांगायला हवी. धुळ्याच्या चाळीसगाव चौफुलीवर उभे राहा आणि लांब ट्रेलरांकडे पाहा. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्यांची लांबच लांब पाती अशाच वाहनांवरून गेली. पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या वर एक जाड, तेलकट, खाच असलेली तबकडी असते. ट्रेलरचे नाक तिच्यावर टेकते आणि त्याखालचा खुंटा खाचेत अडकतो. या तबकडीला पाचवे चाक म्हणतात. ती रस्त्याला लागत नाही, मग चाक कसले? हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी वर्तुळ बसवीत, तेच पाचवे चाक. आपल्याकडच्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर टर्नटेबल असते, ते याच वर्तुळाचे वंशज. 1914 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने एका गिऱ्हाइकाची नाव मोटारीमागून नेण्यासाठी ट्रेलर बनवून दिला. पुढे त्याच्या नावाची कंपनी ट्रेलरांसाठी प्रसिद्ध झाली.

पाचव्या चाकाची खुबी त्याच्या जागेत आहे. हुक मागे लोंबत नाही, तर ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे त्यावर भार आला तरी पुढची चाके उचलली जात नाहीत, आणि ट्रेलरने बाजूला हिसका दिला तरी ओढणाऱ्या गाडीला शेपूट धरून फिरवता येत नाही. अमेरिकेत सुट्टीत फिरणारी कुटुंबे आपले फिरते घर याच पद्धतीने पिकअप ट्रकला जोडतात. गंमत अशी की त्यांच्यापुढेही आपल्या टोळीचाच प्रश्न उभा राहतो: मुलांच्या सायकली कोठे बांधायच्या? पिकअपचा हौदा हुकाने आणि घराच्या नाकाने व्यापलेला, म्हणून सायकली घराच्या पाठीमागे जातात. आणि तेथे त्यांचे जे होते ते तुम्ही आता ओळखलेच असेल. सायकलींचे स्टँड बनवणाऱ्या कित्येक कंपन्या ‘ट्रेलरच्या मागे लावू नये’ अशी स्पष्ट सूचना देतात. स्टँड तोच, सायकल तीच. मोटारीमागे चालतो, ट्रेलरमागे मोडतो.

त्यांची गाडी ताशी 80–90 किलोमीटर वेगाने धावते, म्हणून त्यांना आणखी एक भीती असते: झोला. ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो आणि आवरत नाही. येथे वजनापेक्षा अंतराचा वर्ग महत्त्वाचा ठरतो. ज्याला निरूढी परिबल म्हणतात ते वजन गुणिले अंतराचा वर्ग असे मोजतात. वीस किलोंची सायकल आसापासून अर्ध्या मीटरवर असेल तर 20 × 0.25 = 5. तीच 2.3 मीटरांवर टांगली तर 20 × 5.29, म्हणजे जवळजवळ 106. वजन तेच राहिले आणि डुलण्यातला वाटा एकवीस पटींनी वाढला! घरी करून पाहा. 30 सेंटिमीटरची पट्टी मधोमध दोरा बांधून आडवी टांगा. दोन सारखे खोडरबर टोकांना बांधा, दोऱ्याला वीस पीळ द्या आणि सोडा. मग खोडरबर मध्याजवळ सरकवून तेच करा. पट्टी किती चटकन फिरू लागते ते पाहा. टोकाला बांधले असताना ती आळसाने फिरते, पण एकदा फिरू लागली की थांबायचेही नाव घेत नाही. ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जातो, त्यामुळे झोल्याची भीती त्याला कमी. घाट उतरताना मागच्या ट्रॉल्या ढकलू लागतात तेव्हा मात्र ती भीती खरी असते.

मग सायकल बांधायची कोठे? दांड्यावर, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या त्रिकोणी जागेत, असे पुष्कळांना सुचते. सरळ रस्त्यावर ती जागा मोठी दिसते. पुठ्ठ्याचे दोन आयत कापा, एकाला दांड्यासारखी पट्टी चिकटवून टाचणीने दुसऱ्याला जोडा, मधल्या फटीत एक वाटाणा ठेवा आणि वळवा. आतल्या बाजूची फट मिटते आणि वाटाणा चिरडतो. तेथे सायकल असेल तर ट्रॅक्टरचा मोठा टायर तिला खाऊन टाकील.

बाजूला टांगावी तर वळणावर वेगळीच पंचाईत. मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून जातात. पायथागोरसचा सिद्धान्त लावा. हुक 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल आणि आस 4 मीटर मागे असेल, तर आसाची त्रिज्या 100 वजा 16 चे वर्गमूळ, म्हणजे 9.17 मीटर. दुसऱ्या ट्रॉलीसाठी तोच हिशेब ढोबळमानाने पुन्हा केला तर 8.25. शेवटची चाके पावणेदोन मीटर आत आली! डाव्या वळणावर ती कठड्याकडे येतात, उजव्या वळणावर समोरून येणाऱ्या वाहनाकडे. बाहेर आलेले पेडल नि हँडल तेवढेच आणखी पुढे. जाता जाता एक गोष्ट बजावून सांगतो. ट्रॉलीची साखळी एका हाताने धरून सायकलवर फुकट ओढत जाणारी मुले मी शहराबाहेर नेहमी पाहतो. वळणावर ट्रॉली ज्या पावणेदोन मीटरांत घुसते, तेथेच ती मुले असतात. ड्रायव्हरला ती दिसत नाहीत.

उरली एकच जागा: पहिल्या ट्रॉलीत, आसाच्या किंचित पुढे, गोधड्यांच्या गाठोड्यांमध्ये. पुढचे चाक काढून चौकटीला बांधावे, पेडले आत वळवावीत, सायकल लांबीच्या दिशेने उभी ठेवावी. जागा जाते, हे खरे. जेथे माणसांनाच बसायला जागा नसते तेथे ती सायकलीला देणे जिवावर येते, आणि मुळात मालाच्या ट्रॉलीत माणसांनी बसणेच धोक्याचे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण फाळका मोकळा राहिला तर आणखी एक फायदा होतो. मागे टांगलेली सायकल नेमके तेथले लाल परावर्तक आणि दिवा झाकते. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती त्या लाल ठिपक्यांमुळेच.

पुढच्या हंगामात तो मुलगा टेप घेऊन ट्रॉली मोजायला गेला. त्यांच्या ट्रॉलीचे हुक ते आस अंतर 3.6 मीटर निघाले आणि माझे सगळे आकडे त्याला नव्याने काढावे लागले. सायकल त्याने गाठोड्यांमध्ये रोवली. मुकादम कुरकुरला. कारखान्यावर उतरवली तेव्हा तिची चेन तेवढी उतरलेली होती.