टेम्परन्स : संयम, बेत की दारूबंदी?

सर्व्हेसाठी इंग्रजी संकल्पनेचं मराठी करताना बऱ्याचदा घोळ होतो. आज एकच शब्द बघू : टेम्परन्स. याचे दोन अर्थ आहेत, संयम आणि मद्यपानापासून दूर राहणं. दोन्ही बरोबर, पण दोन्ही एक नव्हेत.

मूळ लॅटिन क्रियापद 'टेम्पेरारे', म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं, बेतात ठेवणं. टेम्परेचर आणि टेम्परिंग हे याच घराण्यातले. पाणी देऊन कडक केलेलं पोलाद ठिसूळ होतं. ते पुन्हा बेताने तापवलं की ठिसूळपणा कमी होतो, हेच टेम्परिंग. म्हणजे मुळात भर प्रमाणावर होता, सोडून देण्यावर नाही. आपला 'संयम' मात्र 'यम्' धातूपासून आला, म्हणजे आवरणं. एकीकडे मिश्रण, दुसरीकडे लगाम!

मग यात दारू कुठून आली? 19व्या शतकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये टेम्परन्स चळवळ उभी राहिली. सुरुवातीचा रोख कडक दारूवर होता. बिअर, वाइन बेताने चालायची. 1830च्या दशकात संपूर्ण त्यागाच्या शपथा सुरू झाल्या. पुढे अमेरिकेत 1920 ते 1933 देशभर दारूबंदी होती. स्वतःला घालायचा आवर असा कायद्यापर्यंत पोचला.

आता लाखांदूरला या. इथून वडशाकडे निघालं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे 1993पासून दारूबंदी आहे, आपल्या भंडारा जिल्ह्यात नाही. समजा, दोन्हीकडे तुम्ही विचारलं, "तुम्ही दारू पिता का?" आणि उत्तर आलं, "नाही." लाखांदुरात ती सवय असेल, पटलेली गोष्ट असेल किंवा पैशाची अडचण. वडशात यात आणखी एक शक्यता येते : पीत असूनही कायद्याच्या भीतीने कबूल न करणं. या सगळ्या 'नाही'ला 'टेम्परन्स' म्हणून एकच गुण दिला, तर पुढचं गणित कितीही नीट केलं तरी निष्कर्ष चुकणार.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या विचारा : माणूस काय करतो, त्याला काय योग्य वाटतं आणि तिथला कायदा काय आहे. नाव न घेता उत्तरं घ्या. मराठी प्रश्न दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघा. मग पाच-दहा जणांना विचारा, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" शब्द कुठे अडतो, ते तेच सांगतील.