बेस गिटारचा नाद आणि अॅम्प्लिफायरच्या कळा

शाळेच्या संमेलनांत वाद्यवृंद वाजूं लागला कीं गिटार आणि ड्रम हीं सर्वांस ऐकूं येतात. परंतु त्यांच्या खालून चालणारा बेस गिटारचा खर्ज पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं. तो थांबला म्हणजे मात्र गाणें एकाएकीं पोकळ वाटूं लागतें आणि गाणाऱ्यांचा आधार सुटतो. हा आधार ऐकणाऱ्यापर्यंत पोहोंचणें वा न पोहोंचणें हें बरेंचसें अॅम्प्लिफायरवरील चार-दोन कळांवर अवलंबून असतें, म्हणून त्यांचें कार्य समजून घेणें अगत्याचें आहे.

पूर्वीं हें काम माणसाहून उंच असा उभा डबलबेस करीत असे. पडदे बसविलेली, गिटारप्रमाणें आडवी धरून वाजवावयाची बेस गिटार अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं बाजारांत आणिली व तेव्हांपासून ती सर्वत्र रूढ झाली. हिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां दर सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. उरलेल्या तीन तारांचीं अनुक्रमें ५५, ७३ व ९८. परंतु तार केवळ एकच स्वर देत नाहीं. ४१ च्या जोडीला ८२, १२३ असे दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर तींतून निघतच असतात. या मिश्रणांत कोणता भाग किती ठेवावयाचा, हें ठरविणाऱ्या योजनेस इक्वलायझर म्हणतात.

आमच्याकडील गवयांस ही गोष्ट नवी नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा किंचित् सरकविला कीं जवारी खुलते; मूळ स्वर तोच, उपस्वर मात्र उमलतात. जें काम तेथें दोरा करितो त्याच जातीचें काम येथें विजेकडून होतें. भेद इतकाच कीं, तारेंत मुळीं नसलेला उपस्वर इक्वलायझर उत्पन्न करूं शकत नाहीं. असलेला तो वाढवितो वा घटवितो. जुनाट, मळलेल्या तारांना तीव्र स्वरांची कळ कितीहि पिळली तरी नव्या तारांचें तेज येत नाहीं. वाढते ती बहुधा खरखर.

बहुतेक यंत्रांवर मंद्र, मध्य व तीव्र अशा तीन कळा असतात. मंद्राची कळ नादास भरीवपणा देते व तीव्राची कळ तारेवरील बोटाचा टणत्कार पुढें आणिते. या दोहोंविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. खरी मेख मध्याच्या कळेंत आहे, आणि नेमकी तीच नवशिके वादक शून्यावर नेऊन ठेवितात!

असें कां होतें? घरीं एकट्यानें, हलक्या आवाजांत वाजवितांना मंद्र व तीव्र वाढवून मध्य घटविला तर नाद मोठा गोड लागतो. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आलें कीं, आवाज हलका असतां मनुष्याच्या कानास खालचे स्वर फारच कमी ऐकूं येतात. म्हणून एकांतांत ते वाढवावेसे वाटतात. तीच मांडणी सभागृहांत नेली म्हणजे मोठ्या आवाजांत खर्ज घुमूं लागतो, ड्रमच्या ठोक्यांत मिसळतो, वरचा भाग झांजांखालीं दबतो, आणि कोणता स्वर वाजला हें कोणासच कळत नाहीं. शिवाय लहान स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर नीट देतांच येत नाहीं. कान मात्र ८२, १२३ इत्यादि उपस्वर ऐकून मूळ स्वराचा अदमास स्वतःच बांधितो. तेव्हां उपस्वर स्पष्ट राखणें हेंच खर्ज राखणें होय.

पालकांनीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. कोणताहि भाग १० डेसिबेलनीं वाढविणें म्हणजे त्या भागासाठीं यंत्राकडून दसपट शक्ति मागणें. मंद्राची कळ अखेरपर्यंत पिळली कीं लहान यंत्र धापा टाकूं लागतें, आवाज फाटतो, आणि प्रसंगीं स्पीकर निकामी होतो. मग मुलगा मोठें यंत्र मागतो. तें घेण्यापूर्वीं कळा पाहाव्या!

आमच्या मतें सर्व कळा मधल्या खुणेवर ठेवून आरंभ करावा, जरी प्रत्येक यंत्रांत मधली खूण म्हणजे समतोल असतोच असें नाहीं. नंतर जें अधिक वाटतें तें आधीं घटवावें. नाद घुमत असेल तर मंद्र थोडा कमी करावा. स्वर हरवत असेल तर मध्य किंचित् वाढवावा. हें सर्व वृंद वाजत असतां करावें, आणि एका मित्रास सभागृहाच्या शेवटच्या रांगेंत उभें करून त्याला विचारावें. यंत्र कोपऱ्यांत भिंतीला टेकवून ठेविलें असेल तर कळांस हात लावण्यापूर्वीं तें दोन-तीन हात पुढें ओढून पाहावें. भिंतींमुळें वाढलेला खर्ज पुष्कळदां तेवढ्यानेंच उतरतो.